देहावरील फिर्याद

लहानपणी अर्धापुरात आमच्या ओसरीसमोर मरीआईचा देव्हारा डोक्यावर घेतलेली बाई येई, आणि तिच्यासोबतचा, पायांत घुंगरे बांधलेला पोतराज स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडा ओढी, तेव्हा त्या आवाजाने अंगावर शहारा येऊनही आजी सुपातून जोंधळे घालून हात जोडी. वेदना चव्हाट्यावर होती, तिला देवीचे नाव होते, आणि तिची दखल घेणारे गाव भोवती उभे होते. आज केळीच्या बागांच्या याच गावात, भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्या ओढून बसणारे, रांजणाशी हात धुतानाही त्या वर न सारणारे एखादे लेकरू दिसते, आणि त्याने स्वतःच्याच त्वचेवर केलेल्या व्रणांना ना देवीचे नाव असते, ना कोणी साक्षीदार.

देह कोणाचा, हा प्रश्न येथे धर्मापुढे येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायाने घोर, अशास्त्रीय तप करून शरीरातील भूतसमुदायाला, आणि त्याच शरीरात वसणाऱ्या ईश्वराला कष्टविणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. हे वचन लेकराच्या तोंडावर फेकणे हा मला त्या ग्रंथावरच अन्याय वाटतो. तेथे दोष ठेवला आहे तो दंभावर आणि अहंकारावर. बाहीआड लपविलेल्या व्रणात दंभ कोठून येणार? त्याच अध्यायात पुढे अहिंसा हे शरीराचे तप म्हणून गणले आहे, आणि लगेच पुढच्या श्लोकात, कोणाला उद्वेग होणार नाही असे बोलणे हे वाणीचे. हे दुसरे तप आपल्या वाट्याचे आहे.

वैद्यक सांगते की, अशा इजेमागे बहुधा मरणाची इच्छा नसून असह्य झालेली घालमेल क्षणभर शमविण्याची धडपड असते. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने, अधिक अभ्यास हवा असे म्हणून, तिची वेगळी नोंद केली. ती शांती टिकत नाही. आणि पुढे जिवाचा धोका वाढतो, म्हणून ‘वयाचे चाळे’ समजून ही इजा सोडूनही देता येत नाही. देह ही अमानत आहे असे मीही मानतो. परंतु तिचा जाब मागण्याआधी, दाद न मिळाल्याने कातडीवर लिहिली गेलेली ती फिर्याद ऐकली पाहिजे.

तेव्हा बाही ओढून पाहू नका. जखम ओली असेल तर धुऊन बांधा, जवळ बसा, लेकराला बोलू द्या. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, विनामूल्य, मराठीत बोलता येते.