पाण्यात तोंड घालताना

आपल्या बोरगावास समुद्र नाही. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मुखवटा व श्वासनळी लावून आपण प्रथमच पाण्यात तोंड घालतो, तेव्हा छाती धडधडते. नाक बंद; तोंडाने श्वास घ्यावयाचा, हे शरीरास पटत नाही. भीतीने श्वास उथळ होतात, नळीतली वापरलेली हवाच परत आत येते, आणि जीव अधिकच गुदमरतो. म्हणून आधी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शिकावे. श्वास सावकाश, पुरता बाहेर सोडावा. तरंगण्याचे जाकीट अंगावर असतेच.

पेत्र तर पेशाने कोळी. योहान २१ मध्ये तो आपण होऊन समुद्रात उडी टाकतो. तोच मत्तय १४ मध्ये वारा पाहून भ्याला. पाण्याशी परिचय असलेल्यासही भीती वाटते, हे शब्बाथ शाळेतील मुलांना अवश्य सांगावे. बुडताना त्याने केलेली प्रार्थना एका श्वासात मावणारी होती. प्रभूने आधी हात धरला. दोष दिला तो मग.