जागा

खर्ड्यात एक मुलगा होता. आई रोजंदारीवर खुरपायला जायची, वडील जामखेडच्या बाजारात हमाली करायचे. मुलगा बारावीला होता आणि त्याला गाणी तयार करायची होती. गाणारा व्हायचं नव्हतं, वाजवणाराही नाही. त्याला म्युझिक प्रोड्युसर व्हायचं होतं.

हे वेड शेजारच्या तालुक्यातून आलं होतं. ‘सैराट’चं बरंच चित्रीकरण करमाळ्याच्या परिसरात झालं होतं. २०१६ साली तो सिनेमा आला तेव्हा मुलगा लहान होता. पुढे कधीतरी त्याला कळलं, की अजय-अतुल यांनी त्या गाण्यांचा वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. आपल्याकडची हलगी आणि तिकडची व्हायोलिनं एकाच सिनेमाच्या गाण्यांत नांदतात, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

तो लग्नसराईत डीजेवाल्याबरोबर बॉक्स उचलायला जाऊ लागला. पैसे साठवून त्याने जुना लॅपटॉप घेतला, हेडफोन घेतले. हळदीची गाणी रिमिक्स करून दिली. पोरं नाचली, नाव झालं. आता गावात कुणाला काही वाजवायचं असलं की त्याला बोलावणं यायचं.

एकदा भजनी मंडळाने त्याला बोलावलं. मंडळाचे अभंग नीट ध्वनिमुद्रित करून हवे होते. परगावी गेलेल्या लेकरांना पाठवता येतील, एवढाच हेतू. मंडळात पेटीवर एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनीच मुलाचं नाव सुचवलं होतं.

मुलाने ओळखीने नगरहून माइक आणि ते लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आणला. एक माइक बुवांना, एक पखवाजाला, एक पेटीला, एक टाळकऱ्यांच्या मधोमध. रात्री देवळात अभंग झाले. मुलाने घरी बसून ते जुळवले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ऐकवले.

बुवा म्हणाले, “छान आहे रे, पण माझा आवाज दबतोय.”

मुलाने बुवांचा आवाज वाढवला. मग पखवाजी म्हणाले, “आता माझी थाप कुठं गेली?” त्याने पखवाज वाढवला. टाळकरी म्हणाले, टाळाशिवाय भजन कसलं? टाळ वाढले. गुरुजी काहीच बोलले नाहीत, पण पेटी मागे पडली म्हणून मुलाने आपणहून तीही वर नेली.

संध्याकाळी त्याने अभंग पुन्हा लावला, तर सगळं फाटलेलं. संगणकात आवाजाला शून्य डेसिबलची कमाल मर्यादा असते. तिच्यावर गेलेली लाट सपाट कापली जाते आणि कानाला खरखर लागते. हे मुलाला वाचून माहीत होतं. तरीही ते त्याच्या हातून झालंच होतं.

तो गुरुजींकडे गेला. “गुरुजी, हे माइक हलके आहेत. हेडफोनही साधे आहेत. चांगलं सामान घ्यायला मंडळाने थोडी मदत केली तर…”

गुरुजी म्हणाले, “घेऊ की. पण कार्तिकस्नान सुरू झालंय. महिनाभर पहाटे काकड्याला ये. लॅपटॉप घरी ठेव. नुसता बस.”

मुलाला ते फारसं पटलं नाही, पण गुरुजींना नाही म्हणणं जमलं नाही.

पहाटे थंडी असायची. मुलगा खांबाला टेकून बसायचा. पहिले काही दिवस त्याला झोपच यायची. मग हळूहळू तो बघू लागला.

पखवाजी सगळ्यांच्या आधी यायचे. कणीक भिजवून सैल मळायचे आणि पखवाजाच्या डाव्या पुडीवर बोटांनी थापायचे. एक थाप मारायचे, मान तिरकी करून ऐकायचे. चिमूटभर कणीक काढायचे, पुन्हा थाप, पुन्हा ऐकणं. शाईची बाजू हातोडीने ठोकून पेटीच्या स्वराशी मिळवायचे. एवढ्यात कुणी बोललं तर हात वर करून थांबवायचे.

मग अभंग सुरू व्हायचा. धृपदाला सगळे टाळकरी जोरात असायचे. बुवांनी चरण धरला की मात्र तेच टाळ आपोआप हलके व्हायचे. कुणी खूण करत नव्हतं. गुरुजींची पेटीही बुवांच्या शब्दाखाली नुसता सूर धरून राहायची. बुवा श्वास घ्यायला थांबले की तेवढ्यात दोन बोटं फिरायची आणि पुन्हा शांत. चरण संपला की धृपद उसळायचं.

एके दिवशी काकडा झाल्यावर मुलाने विचारलं, “गुरुजी, चरणाला टाळ कमी करायचे, हे टाळकऱ्यांना कुणी शिकवलं?”

“शिकवलं कुणी नाही. शब्द ऐकायचा असतो ना त्यांना.”

दोघे चालत गावच्या किल्ल्यापाशी आले. गुरुजी तटाकडे पाहत म्हणाले, “आपल्या जिल्ह्यात हरेगाव आहे. तिथे १९३२ साली प्रभाकर जोग जन्मले. वडील गेले तेव्हा पोरवय. बाराव्या वर्षापासून पुण्यातल्या वाड्यांमध्ये व्हायोलिन वाजवायचे. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ. पुढे सुधीर फडक्यांचे साहाय्यक झाले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गाणी, तेव्हाही ते फडक्यांबरोबर होते. लोक म्हणायचे, यांचं व्हायोलिन गातं. ज्याचं वाद्य गाऊ शकतं, तो दुसऱ्याच्या गाण्यात कुठे गप्प राहतो, ते नीट ऐक.”

मुलगा म्हणाला, “पण तेव्हा तर माइकही थोडेच असायचे.”

“म्हणून तर. आमचं मंडळ तरुणपणी आकाशवाणीवर गेलं होतं. माइक एकच. तिथल्या माणसाने आमच्या कुणाचाच आवाज वाढवला नाही. पखवाजाला म्हणाला, चार पावलं मागे सरका. टाळकऱ्यांना भिंतीशी नेलं. बुवांना पुढे घेतलं. झालं काम.”

मग गुरुजी थोडं थांबले आणि किल्ल्याकडे हात केला. “११ मार्च १७९५. खर्ड्याची लढाई. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, सगळे पेशव्यांच्या बाजूने एकत्र उभे राहिले. निजामाला या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि शेवटी तह करावा लागला. त्याच वर्षी पेशवे सवाई माधवराव गेले. त्यानंतर ही मंडळी अशी पुन्हा एकत्र आली नाहीत. घराणी तीच, फौजा त्याच. फक्त प्रत्येकाला आपलाच नगारा ऐकू यायला हवा होता.”

मुलगा काही बोलला नाही. घरी गेल्यावर त्याने जुनी फाईल उघडली आणि सगळे आवाज पूर्ण बंद केले. आधी फक्त बुवांचा आवाज वर घेतला. मग पखवाज आणला, पण शब्द नीट कळेल इतकाच. बुवांच्या माइकमध्ये शिरलेली खालची घरघर कापली, कारण ती जागा पखवाजाची होती. पेटी आणि गळा एकाच जागेसाठी भांडत होते, तिथे पेटी थोडी खाली घेतली. टाळ मधून काढून थोडे एका कानाकडे सरकवले. चरणाला टाळ हलके केले, धृपदाला सोडले. शेवटी पाहिलं तर कुणाचाच आवाज पहिल्याइतका मोठा नव्हता.

काकड्याची समाप्ती झाली, प्रसाद झाला. मुलाने देवळात साध्याच स्पीकरवर तो अभंग लावला. माइक तेच होते, हेडफोन तेच होते.

ऐकून झाल्यावर पखवाजी म्हणाले, “बुवा, चरणात काय सूर लागलाय तुमचा.”

बुवा म्हणाले, “मी तर तुमची थाप ऐकत होतो.”

एक टाळकरी म्हणाला, “पेटी इतकी गोड वाजते, हे इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं.”

माझा आवाज कुठे आहे, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. हे कुणी जुळवलं, हेही कुणी विचारलं नाही. नवं सामान घेण्याची गोष्टही निघाली नाही. मुलानेच ती काढली नाही.

बारावीनंतर पोरं त्याला म्हणाली, चल पुण्याला, मुंबईला, आता कशाला कॉलेज? त्याने चौकशी केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला पदवी लागते. मुलाने जामखेडच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळी कॉलेज, सुट्टीच्या दिवशी काम. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं, हलगीवाले, लग्नातले बँडवाले, ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे तो गेला. आधी बसायचा, मग ऐकायचा आणि माइक सगळ्यात शेवटी काढायचा. घाई करणाऱ्यांना हा पोरगा जरा संथ वाटायचा. एकदा काम करून घेतलेले मात्र पुन्हा त्यालाच बोलवायचे.

आपल्याला ऐकू जावं असं प्रत्येकालाच वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण ऐकू जाण्यासाठी आपण आवाज वाढवतो, शेजारचाही वाढवतो आणि शेवटी कुणाचंच काही कळत नाही. घरातली बोलणी असोत, गावची सभा असो की चार वाद्यांचं गाणं, कुणीतरी आधी आपला आवाज उतरवावा लागतो. तो उतरवणारा कमी होत नाही. त्याच्यामुळे बाकीचे उमटतात आणि त्यांच्याबरोबर तोही ऐकू येतो. ज्याला सगळ्यांना एकत्र आणायचं आहे, त्याने प्रत्येकाला जागा द्यायला शिकावं, आणि त्याची सुरुवात स्वतःपासून करावी.