अविश्वास कोणाचा?

मागे एका मंडळीत उपदेशासाठी गेलो असता उपासनेनंतर एक माऊली आम्हांस भेटल्या. त्यांच्या मुलास लहानपणापासून फेफरे येते. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षे झटका आला नव्हता. मग कोणा भाविकाने प्रार्थना करून सांगितले, "आता गोळी घ्याल तर तो अविश्वास ठरेल." गोळ्या एकदम बंद झाल्या. आठवड्याच्या आत झटक्यामागून झटके आले व मुलास रुग्णालयात न्यावे लागले. माऊलींनी आम्हांला एवढेच विचारले, "आमचाच विश्वास कमी पडला का हो?"

मार्काच्या ९ व्या अध्यायातील मुलगा आम्हांस आठवला. शिष्यांना त्याला बरे करता आले नाही. प्रभूने खेद केला तो त्या पिढीच्या अविश्वासाबद्दल. मुलाला विश्वासाविषयी एक शब्दही विचारला नाही. बापाचा विश्वास अर्धामुर्धा होता, तसे त्याने कबूलही केले, आणि तेवढा पुरला. शिवाय प्रभूने बापाला आधी विचारले की, हे याला केव्हापासून होते आहे? डॉक्टरही पहिल्याने हेच विचारतात.

"पण तेथे अशुद्ध आत्मा होता," असे कोणी म्हणेल. होता, ते वचन आम्ही खोडीत नाही. परंतु मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त व फेफरेकरी यांची नावे वेगवेगळी दिली आहेत. शुभवर्तमानकाराने जो भेद राखला तो आपण का पुसावा?

रोग्यालाच दोष देण्याची खोड केवळ भाविकांना आहे असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ डॉक्टर हा रोग कामवासनेच्या अतिरेकाने होतो असे मानीत. ब्रोमाइड वासना शमविते, म्हणून १८५७ च्या सुमारास लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ते काही स्त्रियांना दिले. झटके कमी झाले! औषध लागू पडले, निदान चुकीचे होते. पुढे १९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटालचा गुण दाखवला. ते स्वस्त औषध आजही दिले जाते. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख प्रसिद्ध केले, आणि झटका म्हणजे मेंदूच्या पेशींतील विजेचा अकस्मात गोंधळ, हे पुढे कागदावर रेघांनी दिसू लागले.

कारणे अनेक : जन्मवेळची इजा, डोक्याला मार, मेंदूज्वर, आनुवंशिकता. आपल्या देशात पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत गेल्यानेही हे होते. त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. जगातील जवळजवळ निम्म्या रोग्यांत मात्र कारण सापडतच नाही. नेमक्या या रिकाम्या जागेत आपण पाप नेऊन बसवतो. जन्मांधाविषयी शिष्यांनीही तेच केले होते, आणि प्रभूने त्यांना काय उत्तर दिले ते योहानाच्या ९ व्या अध्यायात आहे.

नीट उपचार झाल्यास शंभरातील सत्तरजण झटक्यांविना राहू शकतात. गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांनी ठरवावे. प्रार्थना तर गोळी घेतानाही करता येते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट. वर्गात मुलाला झटका आल्यास कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

त्या माऊलींना आम्ही "नाही" असे सांगितले. त्यांचा मुलगा पुन्हा गोळ्या घेत आहे. नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळ झाला होता.