मूल घरातच आहे ना?



प्रभू येशू बारा वर्षांचा असतानाची घटना आपल्या सर्वांना ठाऊक आहे (लूक 2:41-52). वल्हांडण सण आटोपून पवित्र मरिया आणि संत योसेफ यरुशलेमहून परत निघाले. मुलगा सोबतच्या माणसांत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले. मग नातलगांत, ओळखीच्यांत शोध घेतला, तर तो तिथे नव्हताच.

मरिया आणि योसेफ यांच्याहून अधिक काळजीचे आईबाप कुठे मिळतील? तरीही एक दिवसभर त्यांनी गृहीत धरले, की मूल बरोबर आहे. आज आपणही असेच गृहीत धरतो. पोरगा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला दिसतो. उन्हात हिंडत नाही, भांडत नाही, काही मागत नाही. आपल्याला वाटते, मूल घरातच आहे. प्रत्यक्षात ते एक दिवसाच्या वाटेवर, अनोळखी माणसांच्या घोळक्यात असू शकते.

आपल्या जिल्ह्यातील एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने, गावाचे नाव न घेता सांगतो. आईवडील ऊसतोडीला गेलेले. मुलगा आजीजवळ. तोही बारा वर्षांचाच. रोज संध्याकाळी बोलता यावे म्हणून बापाने जुना मोबाइल घरी ठेवला होता आणि बँकेला जोडलेले सिमकार्ड त्यातच होते. मी घरभेटीला गेलो तेव्हा आजी कौतुकाने म्हणाली, “लई गुणाचं लेकरू हाय फादर, दिवसभर घराबाहीर पाय टाकीत नाही.” मलाही ते ऐकून बरे वाटले.

पुढे कळले ते असे. खेळात भेटलेल्या एका ‘दादा’ने, फुकट डायमंड मिळवून देतो म्हणून त्याच्याकडून ओटीपी मागून घेतला. उचलीचे पैसे थोडे थोडे करून खात्यातून गेले. “कुणाला सांगितलंस तर पोलीस तुझ्याच बापाला धरतील,” अशी धमकीही त्याने दिली. मुलगा आठ दिवस नीट जेवला नाही. आजीला वाटले, आईची आठवण येते. पैसे गेले ते गेले. पण त्या आठ दिवसांत तो मुलगा किती एकटा होता, याचे मला अधिक वाईट वाटते.

दोष केवळ आईबापांना देऊन मला हात झटकता येणार नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी मुले दंगा करीत म्हणून मी स्वतः माझा मोबाइल त्यांच्या हाती दिलेला आहे. मुले गप्प बसली आणि मी माझ्या कामाला लागलो. मूल शांत झाले म्हणजे सुरक्षित झाले, ही माझीही समजूत होती.

मग खेळणे पाप आहे काय? मुळीच नाही. देवाने वसवलेल्या यरुशलेमच्या रस्त्यांत मुले-मुली खेळत असतील, असे जखऱ्या संदेष्टा सांगतो (8:5). संत थॉमस अक्विनास यांनी खेळाला सद्गुणांच्या विचारात स्थान दिले आहे. ते एक जुनी कथा सांगतात. संत योहान शिष्यांसोबत खेळताना पाहून काही जणांना ते खटकले. योहानाने एका धनुर्धराला बाण मारायला लावले आणि विचारले, हे सतत करता येईल का? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, विसावा नसेल तर ते मोडते. परंतु संत थॉमस लगेच मर्यादाही घालतात: खेळ विवेकाच्या ताब्यात हवा. खेळाच्या ताब्यात माणूस गेला, की तो विसावा राहत नाही.

मार्च 2019 मध्ये आपल्याच मराठवाड्यात, हिंगोलीत, लोहमार्गाजवळ पबजी खेळण्यात गुंगलेले 24 आणि 22 वर्षांचे दोन तरुण रेल्वेखाली सापडून मरण पावले. गाडीचा आवाजही त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. जाणती मुले इतकी हरवू शकतात, तर लहानांचे काय?

सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर आणि फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर बंदी घातली. त्याच धाटणीचे दुसरे खेळ आलेच. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. कायदा हवाच, पण आपल्या घराच्या कोपऱ्यात कायदा येऊन बसत नाही. तिथे आपणच बसायला हवे. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

1. मोबाइलवर खेळायचे ते सर्वांच्या समोर, ठरलेल्या वेळेत. जेवताना आणि अंथरुणात नाही. रस्त्यावर, रुळाजवळ, विहिरीच्या कडेला तर कधीच नाही.

2. बँकेला जोडलेले सिमकार्ड मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये ठेवू नका. प्ले स्टोअरमधील खरेदीला पासवर्ड लावा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मुलाला आणि आजी-आजोबांनाही शिकवा.

3. अनोळखी खेळाडूंशी बोलण्याची सोय खेळात बहुधा बंद करता येते. ती बंद करा. नाव, गाव, शाळा, फोटो कुणाला द्यायचा नाही.

4. असे बरेच खेळ मध्येच थांबवता येत नाहीत. सोडले तर सोबत्यांचा डाव बिघडतो. म्हणून मूल “पाचच मिनिटं” म्हणते. मोबाइल हिसकावण्यापेक्षा डाव सुरू होण्यापूर्वीच सांगा, “हा शेवटचा.”

5. फसवणूक झाली तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 वर कळवा. मूल संकटात असेल तर 1098, मनाने खचले असेल तर 14416 हे क्रमांक आहेत.

या सर्वांहून महत्त्वाचे आणखी एक आहे. येशू मंदिरात सापडला तेव्हा मरियेने काय केले? तिने आपले दुःख लपवले नाही, “तू असे का केलेस?” असे विचारले आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. ते तिला समजले नाही, तरी तिने सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. त्या बारा वर्षांच्या मुलाला आठ दिवस पैशांपेक्षा बापाच्या माराची भीती अधिक होती. ‘दादा’ची धमकी त्या भीतीवरच टिकून होती. “काहीही झाले तरी आधी मला सांग, मी मारणार नाही,” हे वाक्य आपल्या मुलाने आपल्या तोंडून ऐकले आहे काय? नसेल, तर आज मिस्साहून घरी गेल्यावर सांगा.

7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या मुलाला संत म्हणून घोषित केले. 2006 साली रक्ताच्या कर्करोगाने तो वारला तेव्हा तो अवघा 15 वर्षांचा होता. त्याला व्हिडिओ गेम आवडत, संगणक उत्तम येई. परंतु खेळासाठी त्याने स्वतःच आठवड्याला एक तासाची मर्यादा घातली होती, असे त्याची आई सांगते. रोजच्या मिस्साला मात्र तो चुकत नसे. आपल्या मुलांना हा संत मित्र म्हणून द्या.

पुढील रविवारी मिस्सानंतर आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनी आपापले मोबाइल घेऊन थांबावे. युवक-युवती वरील सोयी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये करून देतील. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी अवश्य यावे.

मरिया आणि योसेफ माघारी फिरले, म्हणून त्यांना मुलगा सापडला. आपणही आपल्या हातातला मोबाइल क्षणभर खाली ठेवून माघारी फिरू या. नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांचे रक्षण करो.

आपला ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू