पाठवलेल्यांची शिदोरी

भाचीनं पत्राचा मसुदा टेबलावरून माझ्यापुढे सरकवला. दर वसंताच्या सुट्टीत त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतली वीसेक मुलं कॅलिफोर्नियातून व्हॅननं सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआनाला जातात आणि चार दिवसांत एका कुटुंबाला दोन खोल्यांचं घर बांधून देतात. खर्चासाठी ओळखीच्यांना पत्रं लिहायची. ‘आम्ही एका गरीब कुटुंबाला घर देणार आहोत,’ इथवर येऊन ती अडली होती.

“पुढे लिहवत नाही, मामा. गेल्या वर्षीचा दुसरा दिवस आठवतो.”

“काय झालं होतं?”

“काहीच नाही. पहाटे प्रार्थना झाली, एका रंगाचे टीशर्ट घालून आम्ही टेकडी चढलो. उतारावर माती धरून ठेवायला जुन्या टायरांच्या भिंती रचलेल्या असतात तिथे. कोबा आदल्या दिवशी घातला होता, आता लाकडी चौकट ठोकायची होती. मी हातोडी पहिल्यांदाच धरत होते. चारातला एक खिळा वाकायचा. घरधनी शेजारी उकिडवा बसलेला. तो वाकलेला खिळा उचलायचा, दगडावर ठेवून दोन ठोक्यांत सरळ करायचा आणि डब्यात टाकायचा. संध्याकाळी कळलं, तो स्वतः गवंडी आहे. आमच्यासाठी चार दिवसांची मजुरी बुडवून थांबला होता.”

मी काही बोललो नाही.

“दुपारी त्याच्या बायकोनं आमच्यासाठी जेवण आणलं. शिजवलेल्या घेवड्याच्या बिया आणि फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या गरम पोळ्या. आम्हाला सक्त ताकीद होती, बाहेरचं खायचं नाही. आमची सँडविचेस आमच्याजवळ होती. मी ‘ग्रासियास’, धन्यवाद, म्हणून मान हलवली. तिनं फडकं पुन्हा नीट खोचलं आणि थाळी आत नेली. रात्री सगळे गोल बसून साक्षी देत होते. एक मुलगा रडत म्हणाला, यांच्याकडे काही नाही तरी किती आनंदी आहेत. मला ते खरं वाटलं नाही. तरी मीही मान डोलावली.”

“मग जाऊ नकोस. पैसे पाठव,” मी म्हणालो. “1998च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये बांधलेल्या घरांचा कर्ट व्हर बीक या प्राध्यापकांनी अभ्यास केला होता. घर साधारण 2,000 डॉलरमध्ये उभं राहत होतं, आणि परदेशातून आलेल्या एका गटाचा एकूण खर्च जात होता 30,000 डॉलरच्या घरात.”

“हिशेब मलाही कळतो. पण लोक पैसे मी जाणार म्हणून देतात. मी घरी बसले तर ते त्या टेकडीवर जाणार नाहीत, कुठेच जाणार नाहीत. आणि मी गेले नसते तर मला तो खिळ्यांचा डबा दिसला असता का?”

“तुला दिसावं म्हणून त्यानं मजुरी का बुडवावी?”

ती गप्प झाली. प्रश्न बरोबर होता, पण तो विचारताना माझा आवाज चढला, याचं मला वाईट वाटलं.

“इव्हान इलिच नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते,” मी सावकाश म्हणालो. “1968 साली मेक्सिकोतच, अशाच तरुण स्वयंसेवकांना त्यांनी सांगितलं, बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका.”

“तुझंही तेच म्हणणं आहे?”

“तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 1806 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका कॉलेजातले पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड बसून प्रार्थना करत होते. त्यातून पुढे 1810 साली अमेरिकन मिशन उभं राहिलं. त्याच कॉलेजातला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला. 1831 मध्ये मिशन आपल्या नगरला आलं. आपल्या घराण्यात पहिली पाटी-पेन्सिल आली ती त्यांच्या शाळेतून. त्या मुलांना ‘येऊ नका’ म्हणणारा मी कोण?”

“पण हॉल राहिला.”

“तेरा वर्षं. मराठी शिकला. 1826 मध्ये त्र्यंबकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीनं गेला.”

“आणि आम्ही पाचव्या दिवशी घरी. भिंत तिरकी झाली तर ती बघायलाही आम्ही तिथं नसतो.”

“राहिलेल्यांच्या हातूनही माणसं दुखावली, बाळ. आपल्या माणसांचं सगळंच त्यांना अंधार वाटायचं. फक्त ते इथंच असल्यानं दुखावलेल्याला दारात जाऊन बोलता येत होतं. लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय आठव. येशूनं सत्तर जणांना पाठवलं, तेव्हा काय घेऊ नका म्हटलं?”

“पैशाची पिशवी, झोळी, वहाणा.”

“आणि घरात गेल्यावर?”

तिला थोडा वेळ लागला. “वाढतील ते खा.” मग खाली बघत म्हणाली, “आम्ही शिदोरी बांधून गेलो.”

सक्त ताकीद देणाऱ्या पुढाऱ्याला मी दोष देणार नाही. दुसऱ्यांची वीस मुलं परमुलखात सांभाळायची तर त्यांच्या पोटाची काळजी करावीच लागते. पण ज्यांना रिकाम्या हातांनी पाठवलं, त्यांना आधी कुणाच्या तरी दारात पाहुणा म्हणून उभं राहावं लागलं, भूक सांगावी लागली. आमच्या मंडळीत इतकी वर्षं हा अध्याय वाचला जातो, पण झोळी नेऊ नका यातली मेख मलाही त्या टेबलापाशीच कळली.

तिनं ‘घर देणार’ खोडलं आणि लिहिलं, ‘एका गवंड्याच्या हाताखाली काम शिकायला जाणार.’ पेन तसंच धरून म्हणाली, “याला कमी लोक पैसे देतील.”

“देतील कमी.”

“मग घर उभं राहिलं नाही तर? माझं पत्र खरं व्हावं म्हणून कुणी छपराविना राहायचं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही.

बऱ्याच वेळानं तिनं कागद उलटला. एका ओळीत घराचा खर्च मांडला, तिसऱ्या ओळीत मुलांच्या प्रवासाचा. मधली ओळ मोकळी ठेवून तिथं लिहिलं, ‘गवंड्याची मजुरी, चार दिवस.’

“आकडा?”

“मला माहीत नाही. आधी त्यालाच विचारायला हवं.”

“आणि लोकांनी विचारलं, की मग तुम्ही मुलं तिथं काय करणार?”

“गिलाव्याला रेती लागते, मामा. ती चाळू.”

“जेवण?”

तिनं घराच्या खर्चाखाली आणखी एक ओळ आखली. घरधनिणीला शिधा, वीस माणसांचा.