वत्सलता आणि न्याय

आपल्याकडे कोणी वृद्ध गृहस्थ कैलासवासी झाले म्हणजे त्यांच्या शोकसभेत तीन विशेषणे बहुधा ठरलेलीच असतात : एकनिष्ठ पती, वत्सल पिता आणि प्रेमळ आजोबा. ही विशेषणे खोटी असतात असे आमचे म्हणणे नाही; पुष्कळदा ती अक्षरशः खरी असतात. परंतु ती खरी असली तरी त्यांनी मृताच्या नीतिमत्तेविषयी नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आपल्या माणसांवर प्रेम करणे हा सद्गुण आहे, की ती केवळ निसर्गाची प्रेरणा आहे? गाय वासरास चाटते म्हणून तिला कोणी साध्वी म्हणत नाही.

जुन्या ग्रंथकारांस ही अडचण चांगली ठाऊक होती. पुत्रप्रेमात धृतराष्ट्र कोणास हार जाणारा नव्हता. त्या प्रेमानेच त्याने कुळाचा घात केला. उलट, लोकापवादासाठी सीतेचा त्याग करणाऱ्या रामचंद्रांच्या कथेत लोकाराधनेपुढे घर तुच्छ ठरते, आणि त्या निर्णयाने श्रोत्यांचे मन शतकानुशतके अस्वस्थ होत आले आहे. एका टोकास घरापुढे न्याय दिसेनासा होतो, दुसऱ्या टोकास लोकांपुढे घर दिसेनासे होते. गृहस्थाने या दोहोंच्या मधून वाट काढावयाची असते. ती कशी निघते हे पाहण्यास कोल्हापुरातच एक मोठे उदाहरण आहे.

शाहू छत्रपतींचे स्मरण आपण सार्वजनिक कार्यासाठी करतो, आणि ते योग्यच आहे. मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा १९०२ चा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, गंगाराम कांबळे यांच्या दुकानी बसून घेतलेला चहा, या गोष्टी शाळकरी मुलांसही माहीत आहेत. त्यांच्या संसाराकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील हा यशवंतराव नावाचा मुलगा. तिसऱ्या वर्षी आई गेली, १८८४ साली दत्तक होऊन तो कोल्हापूरच्या गादीवर आला आणि बाराव्या वर्षी जन्मदाते वडीलही गेले. मायेचे छत्र इतक्या लवकर गमावलेला मनुष्य पुढे स्वतः कसा पिता होतो, ही जिज्ञासा अस्थानी नव्हे.

१८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. महाराजांच्या अंतापर्यंत, म्हणजे ६ मे १९२२ पर्यंत, तो संसार एकतीस वर्षे चालला. थोरली कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांना १९०८ साली देवास येथे दिले. १९१० साली विक्रमसिंह हा नातू झाला. पुढे तो संसार विस्कटला आणि अक्कासाहेब कोल्हापुरास परत आल्या. त्या दुराव्याची हकीकत ई. एम्. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या १९५३ साली निघालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकातही आली आहे. सासर सुटलेल्या मुलीस “दिल्या घरी सुखी राहा” एवढेच सांगून परत पाठविणारे बाप त्या काळी घरोघर होते, आणि तेही आपल्यापरी वत्सलच म्हणविले जात. येथे बापाचे घर मुलीस उघडे राहिले. स्त्रियांस क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा याच राजाने १९१९ साली केला. घरच्या दुःखातूनच तो निघाला असे आम्ही म्हणत नाही; घरात जे उघडे ठेवले त्याचा विसर दरबारात पडला नाही, एवढे मात्र खास.

परंतु वत्सलतेची खरी परीक्षा निराळ्याच प्रसंगी झाली. १९१७ च्या जूनमध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी यांचा विवाह इंदुमतीदेवींशी झाला. जेमतेम वर्ष लोटले, तोच १२ जून १९१८ रोजी शिकारीच्या वेळी अपघात होऊन एकोणीस वर्षांचे राजपुत्र वारले. सून त्या वेळी बारा वर्षांचीही नव्हती. पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या सासऱ्याची दृष्टी अशा वेळी सुनेकडे वळलीच, तर ती बहुधा ‘पायगुण’ शोधण्यासाठी वळे. शाहूंनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. सोनतळीच्या छावणीत, सोबतीस इतर मुली ठेवून, पडद्याच्या रिवाजात वाढणाऱ्या राजघराण्यातील त्या बालविधवेपुढे त्यांनी पुस्तके ठेविली. मुलासाठी रडणे निसर्गाचे होते. मुलाच्या मागे उरलेल्या परक्या घरच्या मुलीस स्वतःचे आयुष्य मिळावे म्हणून रूढीशी भांडणे, हे निसर्गाचे नव्हे. तेथे प्रीती नीतीच्या पदवीस चढली.

तथापि स्मरण प्रामाणिक असावयाचे तर येथेच थांबता येत नाही. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा संस्थानात १९१७ सालीच झाला होता. प्रजेतील विधवेस जे दार राजाने उघडून दिले, ते राजवाड्यातील विधवेच्या वाट्यास आले नाही. इंदुमतीदेवी १९७१ साली निधन पावेपर्यंत शिवाजीराजांच्या विधवा म्हणूनच राहिल्या. महाराज सून विधवा झाल्यावर चारच वर्षे जगले, आणि ती तेव्हा अल्पवयी होती, हे खरे. तरीही कायद्याचे पाऊल रस्त्यावर जितके पुढे पडले तितके उंबऱ्याच्या आत पडले नाही, हे नमूद केल्यावाचून गत्यंतर नाही. यात त्यांचा कमीपणा पाहण्यापेक्षा उंबऱ्याची उंची पाहावी. एवढ्या धैर्याच्या पुरुषासही जो ओलांडताना पाऊल जड झाले, तो तुम्हा-आम्हास सहज ओलांडता येईल ही कल्पनाच सोडावी.

कोणी म्हणेल, राजाचा दाखला सामान्य गृहस्थास कशास? आमचे उत्तर असे की साधने निराळी असली तरी प्रसंग तेच असतात. प्रत्येक घरात माहेरी आलेली लेक असते, कोठे विधवा सून असते, कोठे ज्याचे कोणी ऐकत नाही असा गडी असतो. घरातील सर्वांत दुबळ्या माणसास त्या गृहस्थाच्या प्रेमाचा आधार वाटत होता की धाक, यावरून त्याची वत्सलता मोजावी. लाडक्या नातवास मांडीवर घेणे कोणासही साधते.

तो देवासचा नातू आजोबांच्या मृत्यूसमयी बारा वर्षांचा होता. १९४७ साली तोच शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गादी नातवाकडे आली व दोन वर्षांत तिची सत्ता संपली. सोनतळीस अक्षरओळख वाढविलेल्या सुनेने मात्र पुढे कोल्हापुरातील मुलींच्या शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले. आजोबांनी मागे काय ठेविले याचा हिशेब शोकसभेत मांडावयाचा झाल्यास, आमच्या मते, या दुसऱ्या रकमेपासून आरंभ करावा.