मत मागावं कुणी?

आयर्लंडच्या राज्यघटनेत बदल करायचा, तर संसदेने ठराव करून भागत नाही. जनतेचा कौल घ्यावाच लागतो. त्यामुळे २०१५ साली तिथल्या समलिंगी नागरिकांवर विचित्र पाळी आली. आपल्याला लग्न करता यावं म्हणून त्यांना शेजारी, सहकारी, जुने वर्गमित्र अशा सगळ्यांकडे मत मागावं लागलं. देशही असा, की पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथे १९९३ पर्यंत गुन्हा होते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात डेव्हिड नॉरिस यांनी १९८८ मध्ये खटला जिंकला, तरी कायदा बदलायला पुढे पाच वर्षं लागली. घटस्फोटाची मुभा १९९५ च्या सार्वमतात मिळाली, तीही जेमतेम नऊ हजार मतांनी.

असं मत मागावं लागणं अपमानास्पद होतं, हे आधी मान्य करायला हवं. इतरांना लग्नासाठी कुणाचा दाखला लागत नव्हता. यांना मात्र अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून आपलं प्रेम खरं असल्याचं पटवून द्यावं लागत होतं, आणि दार तोंडावर आपटलं तरी पुढचं ठोठावावं लागत होतं.

ही मोहीम जिंकली, याचं मोठं श्रेय मागणारे वाढले याला जातं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनी ‘आजीला फोन लावा’ अशी टूम काढली. मुलं आजी-आजोबांना फोन करून आपण हो म्हणणार असल्याचं सांगू लागली आणि त्याचं कारणही. भाषणापेक्षा नातवाचा फोन आजी जास्त मन लावून ऐकते, एवढं साधं गणित. परदेशी गेलेल्यांना टपालाने मतदानाची सोय नव्हती; देश सोडून दीड वर्ष झालं नसेल, तर येऊन मत देता येई. लंडनची तरुण मंडळी रेल्वेने होलीहेड आणि तिथून बोटीने डब्लिन गाठू लागली. त्यातल्या अनेकांच्या स्वतःच्या लग्नाशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता.

राजकारण्यांनीही जोखीम घेतली. तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारीत रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. दोन वर्षांनी लिओ पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्याकडे ‘कोकणचा सुपुत्र’ म्हणून कौतुकाचा पूर आला. त्या पुरात ही मुलाखत बरीचशी वाहून गेली.

२२ मे रोजी ६२ टक्के मतं बाजूने पडली. ४३ मतदारसंघांपैकी रॉसकॉमन–साउथ लेट्रिम या एकानेच नकार दिला. उदारमतवादाची लाट आली म्हणावं, तर त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठीची किमान वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणण्याचा प्रस्ताव याच मतदारांनी ७३ टक्क्यांनी फेटाळला. म्हणजे लोक विचार करून मत देत होते.

पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये स्लोव्हेनियात संसदेने मंजूर केलेला समलिंगी विवाहाचा कायदा सार्वमतात पडला. मतदान जेमतेम ३६ टक्के झालं आणि त्यातल्या ६३ टक्क्यांनी विरोध केला. तिथल्या जोडप्यांना हा हक्क मिळाला तो २०२२ मध्ये, घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने. अल्पसंख्याकांचा हक्क बहुसंख्याकांच्या हजेरीवर सोपवला की असं होतं. म्हणून सार्वमत ही हक्क देण्याची रीत नव्हे. मात्र ते टाळता येत नसेल, तर मागण्याचं ओझं मित्रांनी उचलायचं.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि प्रश्न संसदेवर सोडला. इथे सार्वमत होणार नाही. विचारायचं ते खासदारांना. हा प्रश्न ज्यांच्या आयुष्याचा नाही, त्यांनीच तो आधी विचारावा.